शेवटचा डबा

जामनेरच्या भिकुबाई धुळ्याला देवचंद मास्तरांकडे आल्या. मास्तर खिशातल्या घड्याळांच्या आगगाडी कोरलेल्या जुन्या डब्या जमवत. वारलेल्या नवऱ्याची चांदीची डबी भिकुबाईंनी पुढे केली. “लेकीकडे सुरतला चालले. ते जन्मभर रेल्वेत सांधेवाले होते, माझ्याशी दोन शब्द गोड बोलले नाहीत. तुम्हीच ठेवा.” मास्तरांनी भिंगातून पाहिलं. इंजिन स्पष्ट होतं, पण शेवटचा डबा झिजून गुळगुळीत झाला होता. “अक्का, रोज अंगठा फिरवल्याशिवाय चांदी अशी झिजत नाही. या डब्यात कोण होतं?” भिकुबाई भिंगावर वाकल्या. “माहेरून पहिल्यांदा परतले, तेव्हा मी शेवटच्या डब्यातून उतरले. ते घ्यायला आले होते.” अशी डबी मास्तर कित्येक वर्षं शोधत होते. तरी ती पुसून त्यांनी भिकुबाईंच्याच हातावर ठेवली. डबीकडे बघत त्या पुटपुटल्या, “एकदा तरी सांगायचं होतं ना.”