गावभरची मिग्दालिया

‘‘कॉपी मारून देतो. पंधरा मिनिटं,’’ ओस्मेल म्हणाला. नवी हार्ड डिस्क त्याने खोक्यातून काढून उलटीसुलटी करून पाहिली. ती आणणारीकडे मात्र पाहिलं नाही.

‘‘कॉपी नको,’’ मिग्दालिया म्हणाली. ‘‘डिस्क कोरी आहे, तर सिस्टीमही नव्याने टाक. पहिल्यापासून.’’

नवराबायकोचं नऊ वर्षांनंतर समोरासमोर झालेलं हे पहिलं बोलणं.

डिस्क नेरेइदाची, म्हणजे मिग्दालियाच्या मामेबहिणीची. परदेशातून, टॅम्पाहून येताना मिग्दालियाने ती बॅगेतून आणली होती. बारा दिवसांसाठी ती आपल्या गावी, हिबाराला आली होती आणि गुरुवारी परतीचं विमान होतं. आल्या दिवशी नेरेइदाचा जुना कॉम्प्युटर चालू केला, तर पडद्यावर अक्षरं उमटली : ‘स्वागत आहे, मिग्दालिया.’ तिला वाटलं, बहिणीने गंमत केली असेल. दुसऱ्या दिवशी ती रक्तदाब तपासायला गेली, तर डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावरही मिग्दालिया. पोस्टात मिग्दालिया. शाळेतल्या अकरा कॉम्प्युटरांवर अकरा मिग्दालिया. गावात कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. न्हावी तर म्हणाला, ‘‘चालू करताना असंच येतं, बाई. कंपनीचं नाव असणार.’’

पण गावातले सगळे कॉम्प्युटर ओस्मेलच्याच हातचे. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच भुंगा. हा अजून वाट बघतोय, की नऊ वर्षं आपली टिंगल चालवलीय, की नुसता आळस? गुरुवारच्या आत हे कळायलाच हवं होतं. नाहीतर पुढची नऊ वर्षं तिकडे बसून आपण हेच चघळत राहणार, हे ती ओळखून होती.

‘‘नव्याने टाकायला दीड तास जातो,’’ ओस्मेल म्हणाला. ‘‘चारला लाइट जाते. मध्येच गेली की सगळं मुसळ केरात. म्हणून सगळ्यांना कॉपीच देतो. तू केलेली होती ना, तीच.’’

ते खरं होतं. हे कॉम्प्युटर-दुरुस्तीचं दुकान दोघांनी मिळून काढलं, तेव्हा पहिली सिस्टीम तिने टाकली होती. मशीनने नाव विचारलं, तिने आपलं दिलं. पुढे ती टॅम्पाला गेली. तो मागून येणार होता. आला नाही. समुद्र सोडून जमणार नाही म्हणाला. फोनवर भांडणं झाली, मग फोनही थांबले. तिची ती प्रत मात्र तो गावभर वाटत राहिला.

‘‘आत्ता कुठे दोन वाजतायत,’’ ती म्हणाली आणि दाराजवळच्या झुलत्या खुर्चीत जाऊन बसली. ‘‘मी काही हलत नाही.’’

ओस्मेलने कॉफी केली. तिच्या कपात साखर बेताचीच घातली, न विचारता. मग तो स्क्रू शोधू लागला. टेबलावर शोधले, टेबलाखाली शोधले. स्क्रू त्याच्या सदऱ्याच्या खिशात होते. बाहेर डॉमिनो खेळत बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, ‘‘ओस्मेल, आज गिऱ्हाईक जड दिसतंय रे.’’

मिग्दालिया हसली नाही. तिला उलगडा होत चालला होता.

‘‘तुला नव्याने टाकता येत नाही ना?’’ ती म्हणाली. ‘‘मी तुला फक्त कॉपी मारायला शिकवलं होतं. सरळ सांग की. त्यात लाजायचं काय?’’

म्हणजे माया नाही आणि टिंगलही नाही. माणसाला येत नव्हतं, एवढंच. आणि आपण आठ दिवस झोप उडवून घेतली. तिला स्वतःचाच राग आला.

तिने बरोबर आणलेल्या नेरेइदाच्या कॉम्प्युटरात ओस्मेलने डिस्क बसवली. खणातून पेन ड्राइव्ह काढून लावला. मग त्याची बोटं चालू लागली. डिस्कचे दोन भाग पाडले, भाषा निवडली, घड्याळ लावलं. माउसला त्याने हातसुद्धा लावला नाही. हा हात शिकाऊ माणसाचा नव्हता.

‘‘कधी शिकलास?’’

‘‘तू गेलीस त्याच वर्षी.’’

‘‘मग लोकांना तेच जुनं कशाला देत बसलास?’’

‘‘थांब. कळेल.’’

दोघं पडद्यावरचे आकडे बघत बसले. चाळीस टक्के. बासष्ट. कॉफी केव्हाच संपली होती, तरी ती रिकामा कप हातात धरून होती. साडेतीनला आकडे थांबले. पडद्याच्या मधोमध एक रिकामा चौकोन आला, आणि त्याच्यावर एकच प्रश्न : ‘तुमचं नाव?’

‘‘हे असं विचारतं,’’ ओस्मेल म्हणाला. ‘‘नव्याने टाकलं की दर वेळी विचारतं. मला दुसरं नाव घालवेना.’’

मिग्दालियाला भरून आलं. तिने खुर्ची पुढे ओढली, कीबोर्ड आपल्याकडे वळवला आणि एकेक अक्षर सावकाश दाबत नाव लिहिलं : नेरेइदा.

ओस्मेलने ते वाचलं. त्याचा चेहरा उतरला.

‘‘बरोबर आहे,’’ तो म्हणाला. ‘‘मशीन तिचं, तर नावही तिचंच हवं.’’ आणि तो स्क्रूची डबी आवरू लागला.

‘‘उद्यापासून बाकीचीही एकेक करून मागव,’’ मिग्दालिया म्हणाली. ‘‘दवाखान्याचं, पोस्टाचं, शाळेचं. ज्याचं त्याला नाव देऊ.’’

‘‘दीडशे तरी असतील. गुरुवारपर्यंत कशी व्हायची?’’

‘‘गुरुवारचं कुणी काढलं?’’ ती म्हणाली. ‘‘मी घरात असताना मिग्दालिया गावभर कशाला हिंडवायचीस?’’