सेन्सरची काळजी

पिठाची धूळ हवेत दाटली की एक ठिणगीसुद्धा अख्खी गिरणी उडवू शकते. म्हणून तीन वर्षं खपून तिने धूळ वाढताच भोंगा वाजवणारा सेन्सर बनवला आणि पहिला बसवला, तो बाबा कामाला होते त्याच गिरणीत.

सहा महिने झाले तरी भोंगा एकदाही वाजला नाही, तेव्हा ती स्वतः बघायला गेली. आत दोन हातांवरचं माणूस धूसर दिसत होतं आणि सेन्सरवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली होती.

"बाबा, हे कोणी केलं?" तिने कसंबसं विचारलं.

भुवयांवरचं पीठ पुसत बाबा कौतुकाने हसले.

"मीच गं. तुझी एवढी मेहनत धुळीला मिळायला नको, म्हणून रोज नवी पिशवी बांधतो."