विलायती घंटा

बापाच्या दारूपायी आई गोदाबाई खचून गेली, तेव्हापासून त्या वासानंच सूर्यभानला ओकारी यायची. पण अमरावतीतल्या नव्या ब्रिटिश पबनं त्याच्या मळ्यातल्या पुदिन्याचा रतीब लावला होता, म्हणून भरदुपारी नाक दाबून तो टोपली घेऊन आत शिरला.

"काका, ही घंटा अस्सल लंडनची हाय," मालक कुंदन म्हणाला. "तिकडं पब बंद व्हायच्या आधी वाजवतात. मंग शेवटच्या प्याल्यासाठी लोक कसे तुटून पडतात, पाहा!"

त्यानं गमतीनं दोरी ओढली. फेसाळलेल्या मिशा घेऊन माणसं एकमेकांना ढकलत काउंटरवर आली. किळसून सूर्यभाननं मान फिरवली, ती नेमकी घंटेकडं. तिच्या कडेवर कोरलं होतं :

'मातोश्री कै. गोदाबाई यांच्या स्मरणार्थ गावच्या शाळेस सप्रेम भेट – सूर्यभान.'