हाळी

अलिबागेहून आलेले फौजदार चावडीत खुर्चीवर बसले होते आणि सदूची जप्त झालेली ठासणीची बंदूक त्यांच्या पायाशी पडली होती. मयताच्या बायकोची हरकत नसेल तर ती आजच परत मिळणार होती. म्हणून तर बाबाजी पाटलांनी मनुबाईला बोलावून घेतलं होतं, आणि म्हणून तर सकाळपासून सगळा गाव तिच्याशी गुळासारखा गोड बोलत होता.

गेल्या सुगीत भात राखताना याच बंदुकीनं तिचा नवरा, धर्माजी, गेला. मारणारा त्याचा सख्खा धाकटा भाऊ सदू. राखणीच्या शेतात शिरताना हाळी द्यायची, ही गावाची रीत. धर्माजीच्या तोंडात तंबाखू होता, त्यानं हाळी दिली नाही. भात हललं. सदूला वाटलं डुक्कर, त्यानं बार काढला.

"चूक धर्माजीचीच," पाटील म्हणाले. "रीत मोडली त्यानं."

"हाळी दिली न्हाय म्हनून मानूस डुक्कर व्हतो काय, पाटील?" मनुबाईनं विचारलं.

सदू खांबाशी मान खाली घालून बसला होता. त्याच्याकडे बघून मनुबाईला संताप आला आणि त्याची कीवही आली.

पाटलांनी सूर बदलला. "अगं, डुकरं तुझंबी भात खातील. आन बंदूक गेली म्हनून मरन थांबतंय व्हय? मारायचंच तर घरोघर कोयते न्हाय?"

"हायत ना. पन कोयत्याला जवळ जावं लागतं. जवळ गेलं की मानूस वळखू येतो."

फौजदार कंटाळले होते. "बाई, हरकत आहे की नाही, तेवढं सांगा."

"हाय! या बंदुकीला हाय, आन उद्या कुनी दुसरी मागंल तर तिलाबी हाय."

"गाव उपाशी मरंल!" पाटील कडाडले.

"डुकरानं खाल्लेलं भात फुडल्या साली पुन्हा उगवंल, पाटील."

एवढं बोलून ती उठली. घरून रॉकेलचा रिकामा डबा आणि एक दांडकं घेतलं आणि उन्हं कलायच्या आधीच शेतात उभी राहून डबा बडवू लागली.

थोड्या वेळानं बांधावर सदू आला. त्याच्याही हातात डबा होता. अजून चांगलं दिसत होतं, तरी तो बांधावरच थांबला.

"वैनीऽऽ! मी हाय! सदू!"

"ये," ती म्हणाली आणि डबा आणखी जोरात बडवू लागली.