तबला विमानाने, डग्गा कुरियरने

दुपारी चार वाजता अंदमानच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावरून तबला आला. दिगंबरने पिशवी उघडली. पुडीचं चामडं फाटलं होतं. सहाला कार्यक्रम होता. गायिका कुमुदताईंना साथ करण्याची संधी त्याला वीस वर्षांनी मिळाली होती.

वाद्य केबिनमध्ये घेणार नाहीत, हे कळल्यापासून घरात वाद चालला होता. "सामानात दिलंत तर आपटतील मेले. कुरियर करा," बायको, मृदुला म्हणाली. "कुरियरवाला वेळेत पोहोचवेल कशावरून?" त्याने विचारलं. शेवटी दोघांचंही मन राखायचं ठरलं. तबला सामानात, डग्गा बारा दिवस आधी कुरियरने. "एक गेलं तरी एक हाताशी राहील," तो शहाणपणाने म्हणाला होता.

साडेचारला मृदुलाचा फोन आला. "अहो, पत्ता सापडला नाही म्हणून डग्गा घरी परत आलाय. पण मी म्हटलं नव्हतं? ओरखडासुद्धा नाही!"

सभागृहात कुमुदताईंनी तानपुरे लावून घेतले. "दिगंबरराव, तबला काळी चारच्या सुराला मिळवून घ्या," त्या म्हणाल्या. त्याने बाजूला जाऊन आयोजक मंडळाच्या सचिवांना फाटकी पुडी दाखवली.

साडेपाचला सचिव स्कूटरवरून निघाले. कुणाकडे तरी भजनाची ढोलकी आहे, एवढंच कळलं होतं.