अपॉस्ट्रॉफीची शेपटी

अपॉस्ट्रॉफीने आईला पार जेरीस आणलं होतं. इंग्रजी 'डोन्ट' लिहिताना छकुली ती वरची शेपटी कधी भलत्याच अक्षरानंतर टाकायची, कधी टाकायचीच नाही.

"एवढ्याशा शेपटीसाठी पोरीचा जीव घेशील," नवरा म्हणाला, तशी ती उसळलीच, "या वेळी नापास झाली तर पुन्हा याच वर्गात बसवतील तिला. तेव्हा तू ये समजूत काढायला!"

मग आठवडाभर आंघोळ घालताना, वेणी घालताना, बूट चढवताना तिने एकच घोकून घेतलं, "अक्षर गाळलं, की त्याच्या जागी शेपटी." परीक्षेच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी छकुलीने सगळे शब्द हवेत बोटाने न चुकता लिहून दाखवले, तेव्हा कुठे आईच्या जिवात जीव आला.

आज पेपर हातात पडला. वरचं नाव सोडलं तर अख्खा कोरा.

आईने पान उलटून पाहिलं. "सगळं येत होतं ना गं तुला? मग एक शब्दही का नाही लिहिलास?"



"लिहिलं असतं आणि एखादं चुकलं असतं तर? चुकलं की तू बाथरूममध्ये नळ सोडून रडतेस. मला ऐकू येतं, आई."