नऊ तसबिरींखालचा बाक

खोलीतला आरडाओरडा अखेर थांबला आणि अनसूया लाहिडी बाहेर आली. तिच्या बोटांना खडू लागला होता आणि डोळे लाल झाले होते. बाकावर बसलेल्या प्रियतोष कुंडूला बरं वाटलं. तो वाईट माणूस नव्हता. पण अध्यापकाची जागा एकच होती.

"काय गं, काय झालं?" आवाजात जमेल तेवढी काळजी आणून त्यानं विचारलं.

"तोंडावर नाही म्हणाले, प्रियतोषदा." ती पर्समध्ये रुमाल शोधू लागली. "फळा भरून गणित मांडलं. समितीतले तिघंही माझ्याशी भांडले. निखिलसर तर उठून उभे राहिले. आणि शेवटी म्हणतात, पोरी, तुला इथं जागा नाही."

"अगं, चालायचंच. अमेरिकेतून बोलावणं आलंय ना तुला?"

"आता जावंच लागेल. आईला सोडून जायचं नव्हतं मला." रुमाल सापडला नाही. पदरानंच डोळे पुसून ती जिना उतरून गेली.

प्रियतोषची मुलाखत तिच्या आधीच होऊन गेली होती, आणि फार छान झाली होती. जे विचारलं ते त्याला येत होतं. मध्ये कुणी बोललं नाही, कुणी हरकत घेतली नाही. एका सदस्यानं तर डोळे मिटून ऐकलं. तज्ज्ञांना इतकं समाधान दिल्यावर अनसूयेच्या वेळी झालेली आदळआपट म्हणजे तिच्या नापसंतीचाच पुरावा, हे त्यानं बाहेर बसल्या बसल्या ताडलं होतं. संख्याशास्त्राचा माणूस होता. पुरावा ओळखायचा.

बाकाच्या वर भिंतीवर नऊ तसबिरी होत्या. सगळे या विभागाचे माजी विद्यार्थी. एकाच्या नावाचं प्रमेय होतं. एकजण शिकागोत होता आणि तिथल्या थंडीतही नोबेलच्या उंबरठ्यावर वीस वर्षं उभा होता. एका बाईंना विचारल्याशिवाय ब्राझीलमध्ये माणसं मोजत नसत. कोलकात्यातला कुठलाही शिकलेला माणूस ही नावं अशी घेई, की जणू गेल्याच रविवारी गडियाहाटच्या बाजारात दोघांनी मिळून इलिश मासळी निवडली होती.

प्रियतोष या बाकावर तिसऱ्यांदा बसला होता. आधीचे दोन्ही नकार घेऊन तो मुकाट्यानं हावड्याच्या कॉलेजात शिकवायला परत गेला होता. पगार तिथंही मिळायचा. बायकोची तक्रार नव्हती. पण हावड्यात त्याला मास्तर म्हणत, आणि त्याला आयुष्यात एकदा या खोलीतून ऐकायचं होतं, की बाबा रे, तू आमच्या तोलाचा आहेस.

विभागप्रमुख निखिलबंधू तालुकदार गळ्याला मफलर गुंडाळत बाहेर आले. थंडी अजून यायची होती, पण मफलर आला होता.

"प्रियतोष, एक तारखेपासून ये. तुला घेतलंय."

प्रियतोष वाकला. नुसता गुडघ्यापर्यंत हात नेण्याचा हल्लीचा प्रकार नाही. दोन्ही पावलांना नीट स्पर्श करून त्यानं हात कपाळाला लावला.

"सर, उद्या मिठाई आणतो, संदेश."

"ये की. पण नव्या गुळाचे आण. मागच्यानं साखरेचे आणले होते, अजून त्याच्याशी धड बोलत नाही मी."

दोघं हसले. मोठं मन दाखवायला याहून चांगली वेळ मिळणार नाही, असं प्रियतोषला वाटलं. "सर, अनसूयाही काही अगदीच वाईट नव्हती हं."

"वाईट?" निखिलबाबूंनी चष्मा काढला. "अरे, माझं उभ्या जन्माचं काम तिनं अर्ध्या फळ्यात चुकीचं ठरवलं. वर मलाच म्हणाली, सर, खडू संपला. इतकी हुशार पोर मी या विभागात पाहिली नाही."

"मग तिला नकार का दिलात?"

"वर बघ." निखिलबाबूंनी तसबिरींकडे हनुवटी केली. "हे नऊच्या नऊ याच बाकावर बसले होते. याच नोकरीसाठी. आमच्या गुरूंनी एकेकाला हाकलून दिलं. ठेवले असते तर काय झालं असतं त्यांचं? जन्मभर पेपर तपासले असते, दुपारी फुटबॉलवरून भांडले असते आणि संध्याकाळी पित्ताचं औषध घेऊन झोपले असते. पोरात काही दिसलं की दार लावून घ्यायचं, ही इथली रीत. कुठं लिहिलेली नाही, पण मोडतही नाही कुणी. विभागाचं नाव चालतं ते परत पाठवलेल्यांवर."

"आणि जे आत घेतले ते?"

"त्यांनी परीक्षा घ्यायच्या, रे. त्याही कुणीतरी घ्यायलाच हव्यात." निखिलबाबूंनी चष्मा परत लावला. "अनसूयेला फोटो पाठवायला सांगतो. पोरगी रागात आहे, चार दिवस जाऊ देत."

प्रियतोष मघापासून हसत होता, तो तसाच हसत राहिला. मग ते हसू ओसरलं. "म्हणजे सर, या वेळी माझ्यात तुम्हांला..."

"आता तोंड कशाला पाडतोस?" निखिलबाबूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. घरच्या माणसाशी बोलावं तसा त्यांचा आवाज उतरला. "तुझ्यात काही असेल, अशी आम्हांला दोनदा शंका तरी आली. मला पहिल्याच मुलाखतीत घेतलं होतं."